ओलं वार्निश

माझी सून रत्नमाला मोटारी भरते. पंपाची मोटार जळली की तिच्या पोटातली काळी तार उपटून काढायची, खाचा खरवडून साफ करायच्या आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून बसवायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. लाखनीत हायवेला लागून दुकान आहे. पाटीवर अजून ‘विनोद वाइंडिंग’ लिहिलेलं आहे. विनोद माझा मुलगा. तो २०१३ साली काविळीनं गेला.

रत्नमाला लाखांदूरकडची. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९८ साली, ती लग्न होऊन आमच्या घरी आली. दहावी पास होती. मी स्वतः तिसरीच्या पुढं गेले नाही, म्हणून दहावीची सून आणली तेव्हा वस्तीत जरा मान ताठ करून फिरले. पहिल्याच आठवड्यात तिनं भात खाली लावला, वरण उतू घातलं, आणि माझी मान पुन्हा जागेवर आली.

चुलीजवळ तिचा जीव कधी रमलाच नाही. विनोद संध्याकाळी तार गुंडाळायचा लाकडी फर्मा घरी आणायचा, तो पाहून मात्र ती हात पुसत यायची. वेढे मोजता मोजता माझ्याशी बोलायची, लेक मनालीला दटावायची, दारातल्या कोंबडीला हाकलायची, आणि आकडा चुकायचा नाही. विनोद बोलला की चुकायचा. मोटार विनोद भरतो असं लोकांना वाटे. अर्धीअधिक तीच भरायची, तो नेऊन बसवायचा. हे मला माहीत होतं, पण मी कुणाला सांगत नव्हते. मुलाचं नाव होतं ना.

विनोदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि चौथ्या दिवशी तिनं दुकानाचं शटर उघडलं. माझा दीर म्हणत होता भाड्यानं द्या. मीही तेच म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. पहिला गिऱ्हाईक हिरालाल, पाच एचपीची मोटार ऑटोत घालून आलेला. मोटार खाली उतरवेना, नुसता उभा.

‘कोन भरन आता?’

‘मी.’

‘बाईच्या हातची मोटार पानी फेकन कां वो?’

‘पान्याले काय समजते भाऊ, कोनाच्या हातची हाये तं,’ रत्नमाला म्हणाली. ‘उतरवा. नाहीतं ऑटोवाल्याले बसू द्या तसाच, त्याचं मीटर चालू हाये.’

त्यानं उतरवली. ती मोटार अजून चालते असं ऐकते.

मोटार भरून झाली की तिला वार्निश पाजतात. पिवळं, चिकट, उग्र वासाचं. तारेच्या प्रत्येक वेढ्यात ते उतरलं पाहिजे, म्हणजे ओल धरत नाही, तार हलत नाही. उघडं तांबं दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा विनोदचा शिरस्ता होता आणि तिनं तो सोडला नाही. उन्हाळ्यात मोटारी अंगणात उन्हात वाळतात. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा जुन्या ड्रमात दोनशेचा बल्ब लावून त्यात ठेवायच्या. वरून वाळलं की द्यायची. आत थोडं ओलं राहिलं तरी मोटारीचं काही बिघडत नाही, कारण ती चालू लागली की आपल्याच गरमीनं आतलं वार्निश वाळवून घेते. वीस वर्षं हे असंच चाललं. मी डबा देण्यापुरतीच दुकानात जाते, तरी माझ्या लुगड्यांनासुद्धा तो वास येतो.

२०१८ साली घनश्यामसेठनं लाखनीच्या पुढं, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, अंगाला असलेल्या त्याच्या पडीक जमिनीवर खेळाचं मैदान काढलं. घनश्यामसेठ म्हणजे राईस मिलवाला. त्या मैदानात बांबूच्या ताट्या उभ्या केल्या, मातीनं भरलेली पोती रचली, जुने टायर पुरले. नागपूर-रायपूर जाणाऱ्या गाड्यांमधली तरणी पोरं तिथं उतरून बंदुकांचा खेळ खेळायची. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या बंदुका, त्यातून पांढरे प्लॅस्टिकचे छर्रे सुटतात. एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. डोळ्यावर चष्मे, तोंडाला जाळी लावून मोठमोठे बाप्ये एकमेकांच्या मागं पोत्याआडून धावायचे. मी एकदा पाहायला गेले. घरी आल्यावर देवकाबाईला म्हटलं, यांना धानाच्या रोवण्यावर न्या, दोन दिवसांत सारी मस्ती उतरेल.

देवकाबाई आमच्याच वस्तीतली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नळावर आम्ही रोज बरोबर पाणी भरत होतो. नवरा नाही, एक मुलगा अंकुश, तो घनश्यामसेठच्या मिलमध्ये. रोवणा संपला की बाईला काम नसायचं, म्हणून सेठनं तिला मैदान झाडायला ठेवलं. पोरं खेळून गेली की पडलेले छर्रे वेचायचे, पोती सरळ करायची, पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या.

बंदुकांचं काम अमर पाहायचा. सेठच्या साडूचा मुलगा, लग्न झालेला, नागपुरात मोबाईल दुरुस्ती शिकून आलेला. एक दिवस तो चार बंदुका पोत्यात घालून दुकानात आला.

‘दीदी, तुमी मोटार भरता ना? याच्यातबी मोटार हाये. लहानशी.’

‘बंदूक मी नाही उघडत बाप्पा. पोलीस येईन.’

‘खेळनं हाये हो. पाहा तं.’

उघडली तेव्हा मी तिथंच होते. आतून एक स्प्रिंग उडाली ती थेट मी आणलेल्या डब्यातल्या वरणात. अमर घाबरला. रत्नमालानं ती पळीनं काढली, धुतली आणि पुन्हा डोकं खाली घातलं. तेव्हाच मी समजले, ही आता या कामात गुंतली.

बिघाड मोटारीत नव्हता. घोडा ओढला की आत तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि बॅटरीचा सगळा करंट त्यांच्यातून मोटारीत जातो. दर वेळी बारीक ठिणगी उडते. पट्ट्या काळ्या पडतात, मग घोडा ओढला तरी बंदूक मुकी. सेठनं मोठ्या बॅटऱ्या आणल्या होत्या, म्हणून पट्ट्या महिनाभरही टिकत नव्हत्या.

अमर म्हणाला, शहरात याला इलेक्ट्रॉनिक स्विच बसवतात. त्यानं मोबाईलवरून दोन मागवले. आठ दिवसांनी कुरियर आलं, बोटाएवढी प्लेट, वर काळी नळी आकसून बसवलेली. एक बसवला, चालला. दुसरा बसवताना अमरनं बॅटरी उलटी जोडली, आणि धूर निघाला. तो मेलेला स्विच रत्नमालानं ठेवून घेतला. ब्लेडनं नळी चिरली, आत पाहिलं आणि हसायलाच लागली.

‘काय झालं वो?’ मी विचारलं.

‘माय, हे तं आपल्या घरी पडून हाये.’

आत तीन पायांचा एक काळा तुकडा होता, मॉसफेट म्हणतात, आणि दोन बारीक रेझिस्टन्स. असे काळे तुकडे जळक्या इन्व्हर्टरच्या प्लेटवर रांगेनं बसलेले असतात, आणि अशा प्लेटांचं एक टोपलं आमच्या माळ्यावर होतं. तिनं मला समजावून सांगितलं. ‘घोड्यानं फकस्त सांगाचं, सुरू हो म्हनून. ओझं हा काळा उचलते. म्हनून पट्ट्या जळत नाही.’

‘म्हंजे सासूनं सांगाचं अना सुनेनं उचलाचं.’

‘तुमी सांगता कुठं माय? तुमी तं ओरडता.’

मग ती स्वतः बनवू लागली. आधी इन्व्हर्टरमधले काढून, पुढं सीताबर्डीच्या गल्लीतून नवे आणून. मनाली तेव्हा नागपुरात नर्सिंगला होती. तिला भेटायला जायची आणि येताना पिशवीत लेकीच्या मळक्या कपड्यांखाली स्विचचं सामान. जळणाऱ्या पट्ट्या तिनं काढूनच टाकल्या, त्यांच्या जागी तांदळाच्या चार दाण्यांएवढं टिचकीचं बटन बसवलं. घोडा जरासा दाबला की टिच, आणि बंदूक सुरू. बोट सोडलं की पुन्हा टिच, बंद. पोरांना ते फार आवडलं. गोंदियाहून, तुमसरहून कुणी कुणी आपल्या बंदुका घेऊन दुकानात येऊ लागले. पंपवाले शेतकरी एका बाजूला, काळे चष्मे घातलेली पोरं दुसऱ्या बाजूला. हिरालाल एकदा म्हणाला, ‘रत्नाबाई, आता फटाके कधी आनता दुकानात?’ ती म्हणाली, ‘तुमची मोटार जळली की.’

दुकानात ती खूश होती. विनोद गेल्यापासून मी तिला तशी पाहिली नव्हती. मोटार भरणं तिला नवऱ्याकडून मिळालं होतं. हे तिचं तिनं शोधलेलं होतं.

आणि प्रत्येक स्विचला, तारा डागून झाल्यावर, ती वार्निश पाजायची. कुणी सांगितलं नव्हतं. कुरियरनं आलेल्याला वार्निश नव्हतं. पण उघडं तांबं दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही. बटनासकट प्लेट बुडवायची, चिमट्यानं उचलायची, झटकायची आणि अंगणात दोरीवर टांगायची. वाळत घातलेल्या मिरच्यांसारखे दिसायचे. उन्हाळ्यात दोन दिवसांत ठणठणीत. एकही परत आला नाही.

२०१९ चा पाऊस उशिरा आला आणि आला तो थांबेना. पंधरा ऑगस्टला मोठी गर्दी येणार होती. दहा तारखेला सेठ स्वतः दुकानात आला. तो कधी येत नसे.

‘बाई, बारा बंदुका पाह्यजे. पंधराच्या सकाळी. नवीन स्विच टाकून.’

‘सेठ, पाऊस हाये. वार्निश वाळत नाही.’

‘अरे, तो वार्निश-बिर्निश छोडो ना. कोन पाहते आत?’

तिथंच चूक झाली असं आता म्हणता येतं. त्याचं ऐकून वार्निश सोडलं असतं तर काहीच झालं नसतं. पण कामात कमी करा असं कुणी म्हटलं की रत्नमालाचं नाक वर चढतं. ‘वार्निशबिगर मी माल देत नाही,’ ती म्हणाली. बाराही बनवले, बुडवले, आणि मोटारीसारखे ड्रमात बल्बाखाली ठेवले. चौदाला संध्याकाळी बोट लावून पाहिलं, वरून कोरडे. बसवून टाकले.

मोटार आपल्या गरमीनं वाळते. बंदुकीच्या पोटात तशी गरमी येत नाही. बटनाच्या आत गेलेलं वार्निश ओलंच राहिलं आणि हळूहळू गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं.

पंधराला खेळ धडाक्यात झाला. सोळाला सकाळी देवकाबाई छर्रे वेचायला गेली. मैदान पांढरं झालं होतं म्हणे. अमरनं बंदुका टेबलावर मांडल्या होत्या, चार्ज झालेल्या बॅटऱ्या एकेकीला जोडून पाहत होता. आदल्या दिवशीचे छर्रे काढायचे राहिले होते. एका बंदुकीचं बटन रात्री पोत्यात दबून दाबलेलंच चिकटून बसलं होतं. त्यानं बॅटरी जोडली, घोड्याला हातसुद्धा लावला नाही, आणि बंदूक टर्रकन सुटली. देवकाबाई चार पावलांवर खाली वाकली होती. खेळणाऱ्यांना चष्मे असतात. झाडणाऱ्या बाईला चष्मा द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

डावा डोळा.

सेठनं लगेच गाडीत घातलं आणि भंडाऱ्याला एका ओळखीच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. वाटेत तिला सांगितलं, ‘बांबूची काडी लागली म्हनजो. बंदूक म्हनशीन तं पोलीस येईन, मैदान बंद होईन, मिलवर पन भानगड. अंकुशचं काम हाये ना आपल्याकडं?’ डॉक्टरला बांबू सांगितलं. त्यानं डोळा धुतला, बुरशीची औषधं लिहिली, घट्ट पट्टी बांधली. पाच दिवस उघडू नका म्हणाला.

दुपारी अमर ती बंदूक पोत्यात घालून आमच्याकडे आला. दारातच बसला, आत येईना.

‘दीदी, हे बंद नाही होऊन राहिली. बॅटरी लावली का चालूच.’

‘कोनाले लागली?’

‘कोनालेच नाही. देवकाबाईले बांबू लागला, ते वेगळं.’

तो गेल्यावर तिनं बंदूक उघडली. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. बटन तिनं सुईनं उचललं. उचललं आणि ते आपोआप पुन्हा आत जाऊन बसलं. तिनं बोट लावलं, बोटाला पाकासारखी पिवळी तार निघाली. ते बोट तिनं नाकाशी नेऊन वास घेतला.

‘माय, हे वार्निश माहं हाये,’ ती म्हणाली. ‘बांबू नाही लागला बाईले.’

आता मी जे बोलले ते लिहिते. हे दुसरं कुणी बोललं असतं तर मी त्याला नाव ठेवलं असतं.

मी म्हणाले, ‘ते स्वतः बांबू म्हनून राहिली, तं तू काहून मधात पडतेस? बंदुकीत छर्रे ठेवले अमरनं. चष्मा नाही दिला सेठनं. दुकान एकट्या तुह्या नावावर हाये. पोरीचं नर्सिंग दीड वर्स बाकी हाये. चूप राह्य.’

‘पन माय—’

‘डॉक्टरनं पाह्यलं ना? पट्टी बांधली ना? आनखी काय करन तू?’

ती चूप राहिली. आयुष्यात तिनं माझं फार थोडं ऐकलं. हे ऐकलं.

त्या तीन दिवसांत मी रोजच्या वेळेला नळावर गेले नाही. पाणी उशिरा जाऊन आणलं. रत्नमालानं दुसऱ्याच दिवशी मैदानावर जाऊन बाकीच्या अकरा बंदुका उचलून आणल्या, सेठला म्हणाली वायर ढिली आहे, आणि सगळी बटनं काढून टाकली. अकरांतली चार चिकटत होती. देवकाबाईच्या घरी ती रोज डबा घेऊन जात होती. अंकुश म्हणाला, ‘वहिनी, बुढी रातभर डोकं धरून कन्हते.’ ती ऐकून घरी यायची आणि जेवायची नाही.

एकोणीसला सकाळी मनालीचा फोन आला. ड्युटीवर जायच्या आधी ती रोज बोलते. बोलता बोलता रत्नमालानं सांगितलं, देवका आजीला डोळ्याला लागलं.

‘काय लागलं?’ मनालीनं विचारलं. फोन मोठ्या आवाजावर होता, मी ऐकत होते.

‘बांबू म्हन्ते.’

‘म्हन्ते म्हंजे? आई, नीट सांग. काडी लागली तर बुरशीची भीती, तशी औषधं देतात. गोटीसारखं काही जोरात आदळलं तर वेगळं. आत रक्त साचते, प्रेशर वाढते, मागचा पडदा फाटू शकते. ते मशीनवर पाहावं लागते. डोकं दुखते कां तिचं? उलटी?’

‘डोकं दुखते.’

‘किती दिवसांपासून?’

रत्नमालानं फोन माझ्या हातात दिला, पायात चपला घातल्या आणि निघाली. मी फोन कानाला लावला तर मनाली ‘आई, आई’ करत होती.  तो बंद करायचा कसा ते मला सुधरेना.

मीही मागं गेले. देवकाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंकुश मिलला निघायच्या तयारीत.

‘उठा देवकामाय, भंडाऱ्याले जाऊ. मोठ्या दवाखान्यात,’ रत्नमाला म्हणाली.

‘पाच दिवस उघडू नको म्हनलं डॉक्टरनं.’

‘त्याले बांबू सांगतलं तुमी.’

‘बांबूच लागला.’

‘बांबू नाही लागला. बंदुकीचा छर्रा लागला. बटन चिकटलं होतं, अना ते माह्या हातचं हाये. मी ओलं वार्निश ठेवलं त्याच्यात. मले सोळा तारखेच्या दुपारपासून मालूम हाये.’

अंकुश डबा हातात धरून तसाच उभा राहिला. देवकाबाईनं मान फिरवली नाही.

‘चूप बस वो,’ ती भिंतीकडेच पाहत म्हणाली. ‘माह्या पोराचं काम हाये तिकडं. डोळा दुखते, बसन दुखनं.’

‘नाही बसनार. मनालीनं सांगतलं.’

‘मनाली डॉक्टर हाये कां?’

‘नाही. म्हनून तं डॉक्टरकडं चला म्हनून राहिली.’

शेवटी अंकुशनंच तिला उचललं. म्हणाला, ‘काम गेलं तं गेलं, माय.’ पण त्याचा आवाज कसा होता ते मी ऐकलं. काळी-पिवळी जीप मिळाली, तिघं गेले.

सरकारी दवाखान्यात पट्टी काढली. रत्नमालानं डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं, किती पावलांवरून, किती जाडीचा छर्रा, किती तारखेला. डॉक्टरीणबाईनं डोळ्याचं प्रेशर मोजलं आणि विचारलं, ‘तीन दिवस काय करत होता तुम्ही?’  त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं. डोळा काढावा लागला नाही, जागेवर आहे. त्यानं दिसत मात्र नाही. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर वाचला असता का, असं रत्नमालानं विचारलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, पण थोडं तरी दिसलं असतं बहुतेक. ते ‘बहुतेक’ ती घरी घेऊन आली.

दवाखान्यातून पोलिसांना कळवावंच लागतं. चौकशी झाली. मैदान दोन महिने बंद राहिलं, मग चष्म्यांची पाटी लावून पुन्हा सुरू झालं. अमर रायपूरला निघून गेला. रत्नमालाचा जबाब घेतला, तेव्हा लिहिणारा शिपाई भला होता, तो म्हणाला, ‘बाई, बटन खराब निघालं असं लिहू ना?’ ती म्हणाली, ‘खराब नाही निघालं. मी वाळू नाही दिलं. तसं लिहा.’ केस अजून चालू आहे. तारीख असली की ती दुकान बंद करते. बंदुकांचं काम तिनं सोडलं. कुणी पोरगा विचारायला आला तर पंपाकडे बोट दाखवते.

अंकुशला सेठनं दुसऱ्याच दिवशी मिलवर येऊ नको म्हटलं.

देवकाबाई नागपूरहून घरी आली त्या दिवशी आम्ही दोघी भेटायला गेलो. ती दारात बसली होती, डोळ्यावर पांढरी कापसाची चकती. जयभीम केला, तिनं घेतला नाही. रत्नमाला खाली बसली, मी उभीच.

‘माहं चुकलं देवकामाय,’ रत्नमाला म्हणाली.

‘कोनतं?’ देवकाबाईनं विचारलं. ‘बटन चिकटलं ते मी नाही म्हनत. चुकते मानसाचं काम. पन हे आयक. तू पहिल्या दिवशी सांगतलं असतं, तं पोराचं काम गेलं असतं, डोळा ऱ्हायला असता. सांगतलंच नसतं, तं डोळा गेला असता, काम ऱ्हायलं असतं. तू तीन दिवसानं सांगून दोनी घेतलं.’

देवकाबाईनं डोळ्यावरची चकती बोटानं दाबून बसवली.

‘मी चूप राह्यली ते पोरासाठी,’ देवकाबाई म्हणाली. ‘तू कोनासाठी राह्यली?’

तेव्हा मी बोलले. ‘माह्या सांगन्यावरून. मीच म्हनलं होतं चूप राह्य म्हनून.’

देवकाबाईनं तोंड माझ्याकडे वळवलं. सवयीनं आधी डावीकडून पाहायला गेली, मग सगळी मान फिरवून उजव्या डोळ्यानं पाहिलं. वीस वर्षं आम्ही नळावर बरोबर उभ्या राहिलो. ती मला काहीही बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती म्हणाली, ‘तुमचा पान्याचा गुंड तं मी भरून देत होती पार्वताबाई, तुमचा हात दुखते म्हनून.’ एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या डोळ्याचं प्रेशर पुन्हा वाढू नये म्हणून दिवसातून तीनदा औषधाचा थेंब टाकावा लागतो. दिसत नसलं तरी. नाही टाकला तर कपाळ फुटल्यासारखं दुखतं. अंकुश आता साकोलीकडे हमालीला जातो, सकाळी निघतो तो दिवेलागणीला येतो. म्हणून रत्नमाला जाते. सकाळी दुकान उघडायच्या आधी, दुपारी, आणि शटर ओढल्यावर. पहिल्या दिवशी देवकाबाईनं दार लावून घेतलं होतं. रत्नमाला बाहेर ओट्यावर बसून राहिली, दुखणं सुरू झालं तेव्हा दार उघडलं. तेव्हापासून देवकाबाई खाटेवर मान मागं करते, स्वतःच्या बोटांनी पापणी वर धरते आणि छताकडे पाहते. थेंब पडला की पदर घेऊन पुसते. बोलणं नाही. दिवाळी गेली, तरी नाही.

मी जात नाही. मी घरून तिच्यासाठी कण्या, कधी भाजी देते. भांडं धुऊन परत येतं.

काल सकाळी रत्नमाला थेंब टाकून निघाली तर मागून देवकाबाईचा आवाज आला.

‘उद्या लवकर येजो.’

रत्नमाला थांबली.

‘बांधीत जाचं हाये मले, धान कापाले. तुलारामच्या वावरात. सहाले निघतेत सगळ्या.’

‘जमते कां तुमाले इळा धराले?’

‘जमवाच लागते.’

‘साडेपाचले येते,’ रत्नमाला म्हणाली. घरी येऊन तिनं मला हे सांगितलं, आणि आज पहाटे मी उठले तेव्हा ती निघून गेलेली होती.